पार्वताबाईची विहीर आणि माझी दोरी

संपादकांचं पत्र आलं की दिवाळी अंकासाठी ‘साथीच्या रोगांशी दिलेली झुंज’ या विषयावर लिहा. पत्र वाचून बायको स्वयंपाकघरातून हसली. तिचं म्हणणं, ज्या माणसाला घरात झुरळ दिसलं की तो खाटेवर चढतो, त्यानं कसली झुंज दिली? तिचं खरं आहे. मी झुंज दिली नाही. नोकरी केली. झुंज इतरांनी दिली आणि कागदावर सही माझी आली. त्यातली एक हकीकत सांगतो, कारण ज्यांच्यासमोर सांगायला लाज वाटत होती त्यांच्यातले बरेचसे आता राहिले नाहीत, आणि उरलेल्यांना ती आधीच माहीत निघाली.

नांदुऱ्यात आमच्या गल्लीत मला अजून ‘देवी डाक्टर’ म्हणतात. मी डाक्टर कधीच नव्हतो. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारात देवीची लस टोचणारा एक कारकुनापेक्षा थोडा वर आणि कंपाउंडरपेक्षा थोडा खाली असा माणूस होतो. शिक्षण बेताचं. खात्यानं काही महिने शिकवलं, एक लाकडी पेटी दिली, एक बारीक सुरी दिली आणि जा म्हणाले. पोराच्या दंडावर चार ठिकाणी ओरखडायचं, त्यावर लशीचा थेंब चोळायचा, आठ दिवसांनी येऊन फोड आला की नाही ते पाहायचं. एवढंच काम. पण एवढ्या कामासाठी मी डोक्याला फेटा, अंगात बंद गळ्याचा कोट आणि खाली टट्टू असा थाट ठेवला होता. टट्टूचं नाव सुलतान. तो पुलावरून जायला घाबरायचा, त्यामुळे आम्ही दोघं एकमेकांना शोभत होतो.

मी गावात शिरलो की पोरं गायब व्हायची. एका म्हातारीनं नातवाला जोंधळ्याच्या कणगीत लपवलं आणि वर स्वतः बसून मला सांगितलं, ‘घरात पोट्टंच नाही हो, कोनाले टोचता?’ तेवढ्यात कणगी शिंकली. म्हातारी जराही डगमगली नाही. म्हणाली, ‘उंदरं लय झाली औंदा.’ देऊळघाटच्या एका पहिलवानानं पैजेवर दंड पुढे केला आणि सुरी पाहताच आडवा पडला. त्याला शुद्धीवर आणायला चार माणसं लागली आणि त्याचं नाव मी कुणाला सांगणार नाही अशी शपथ मला घ्यावी लागली. अशा दिवसांत आपण फार मोठे आहोत असं वाटायला वेळ लागत नाही. समोर सगळेच घाबरलेले असले म्हणजे आपण शूर ठरतोच.

उन्हाळ्याच्या शेवटी मात्र माझं काम बदलायचं. तेव्हा पटकी यायची. लोक म्हणत ‘मरी आली’. झाडा आणि ओकारी, सकाळी शेतावर गेलेला माणूस दिवेलागणीला डोळे खोल जाऊन पडलेला. अशा वेळी खातं आम्हा टोचणाऱ्यांनाही विहिरींच्या कामाला लावत असे. लाल दवा म्हणून जांभळे खडे यायचे डब्यातून. ते बादलीत विरघळवून विहिरीत टाकायचे. पाणी फिकट गुलाबी झालं पाहिजे, सकाळपर्यंत रंग जायला हवा, मग प्यायला हरकत नाही. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त पडलं तर लोक पीत नाहीत. म्हणून विहिरीत पाणी किती आहे ते मोजून दवा टाकायची. त्यासाठी रुंदी काढायची आणि दगड बांधलेली दोरी सोडून खोली काढायची. शाळेतल्या तिसरीच्या मुलाला जमेल असं गणित. मला तिसरी पास होऊन बरीच वर्षं झाली होती, हीच अडचण.

तर एका मे महिन्यात तहसिलीतून हुकूम आला. पूर्णेच्या वरच्या अंगाला एका गावात पटकी लागली आहे, खालच्या गावांतल्या सगळ्या विहिरींत लाल दवा टाका. मला मिळालेलं गाव नदीकाठचं. नाव लिहीत नाही, हा अंक तिथेही जातो. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात विहीर असणं आणि पाणी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विहिरी आहेत, पाणी खारट. त्यात तुरीची डाळ सकाळी चढवली तर संध्याकाळीही दाणा मऊ होत नाही. त्या गावात गोड्या पाण्याची विहीर एकच, पार्वताबाई माळणीच्या मळ्यात, गावापेक्षा जरा उंचवट्यावर. पार्वताबाई विधवा, पन्नाशीची, वांगी-मिरची लावून घर चालवणारी. एकुलता मुलगा खामगावच्या जिनिंगात कामाला, घरात सून वच्छला आणि सुनेचं पाच महिन्यांचं पोर. सगळं गाव हिचं पाणी प्यायचं. गावाबाहेरच्या वस्तीतल्या बायांनी मात्र लांब उभं राहायचं आणि कुणी ओतलं तर घ्यायचं, नाही तर नदीच्या वाळूत झिरे खोदायचे. त्या काळची ही रीत, मीही तेव्हा तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होतो.

मी गेलो तेव्हा विहिरीवर अर्धं गाव जमलं होतं. पाटील खुर्ची घेऊन आले होते. मी फेटा सारखा केला आणि भाषण सुरू केलं. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू कसे असतात, सरकार प्रजेची काळजी कशी घेतं, मी नसतो तर तुमचं काय झालं असतं, वगैरे. भाषण करता करता दगड बांधलेली दोरी विहिरीत सोडली, तळाला लागल्यावर वर ओढली आणि हातानं मोजू लागलो.

पार्वताबाई मोटेच्या चाकाजवळ उभी होती. ती म्हणाली, ‘डाक्टरसाहेब, दोरी भिजली तेवढंच पानी हाये. वरची कोरडी काऊन मोजता?’

वाचकहो, मी खरोखरच सगळी दोरी मोजत होतो. काठापासून तळापर्यंत. ऐन उन्हाळ्यात विहीर तळाला गेली होती, पाणी जेमतेम एका माणसाच्या उंचीचं, आणि मी भरलेल्या विहिरीचा हिशेब धरला होता. माझ्या लक्षात तेव्हाच यायला हवं होतं. आलंही असेल. पण समोर अर्धं गाव, खुर्चीवर पाटील, आणि चूक दाखवणारी कोण, तर वांगी विकणारी बाई.

मी म्हणालो, ‘बाई, हे सरकारी माप आहे. तुम्ही तुमची वांगी सांभाळा.’

लोक हसले. तीही थोडी हसली. म्हणाली, ‘बरं बाप्पा, सरकारचं माप.’ आणि बाजूला झाली.

मी दवा ओतली. पाणी आधी लाल झालं, मग जांभळं, मग पिकल्या जांभळाच्या रसासारखं काळपट. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. पाटील खुर्चीवरून उठून काठाशी आले, वाकून बघितलं आणि मला हळूच म्हणाले, ‘असंच असते का हो?’

‘असंच असतं,’ मी म्हणालो. ‘रंग जाईपर्यंत कुणी प्यायचं नाही.’

सकाळी रंग गेला नाही. दुसऱ्या दिवशीही गेला नाही. पार्वताबाई माझ्याकडे शाळेत आली. तिथे माझा मुक्काम होता. ती म्हणाली, ‘मी मोट लावतो. दिसभर उपसलं का झऱ्याचं नवं पानी भरीन. मग तुमी थोडी चिमूटभर टाका.’ साधी गोष्ट होती. पण सरकारी दवा मोटेनं उपसून वांग्यांना पाजायची म्हणजे माझी चूक गावभर वाहत जाणार, तीही पाटातून, जांभळ्या रंगात. मी तिला सांगितलं की साहेबांच्या परवानगीशिवाय विहिरीला हात लावता येणार नाही. असा काही नियम नव्हता. मी तो तिथल्या तिथे केला.

मग गाव पाण्यासाठी कुठे गेलं? नदीवर. वाळूत झिरे खोदून. त्याच नदीवर वरच्या गावात पटकीच्या रोग्यांचे कपडे धुतले जात होते. मी लोकांना पाणी उकळून प्यायला सांगितलं आणि लोकांनी हो म्हटलं. ऐन उन्हाळ्यात, जळण नसताना, घागरभर पाणी उकळून ते निवेपर्यंत कोण थांबतं? मीच थांबलो नाही.

तिसऱ्या दिवशी खालच्या आळीतल्या एका म्हाताऱ्याला लागण झाली. संध्याकाळपर्यंत तो गेला. त्याच रात्री त्याच्या शेजारची एक बाई. ही दोन माणसं माझ्या दोरीनं मारली, असं मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. आता लिहितो. यावर विनोद करायला मला जमत नाही आणि जमायलाही नको.

चौथ्या दिवशी सकाळी पाटलांचा कोतवाल धावत आला. ‘माळणीची सून पडली!’

वच्छला ओसरीवर गोधडीवर होती. डोळे आत, ओठ कोरडे, पायात गोळे येऊन ती कण्हत होती. पोर पाळण्यात रडत होतं आणि ती त्याच्याकडे हात करत होती, पण हात उचलत नव्हता. ही बाई नदीवर का गेली? तिच्या स्वतःच्या मळ्यात विहीर असताना? कारण मी तिच्या सासूला सांगितलं होतं की रंग जाईपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही. गावात माझं ऐकणारं जे एक घर होतं, तेच हे होतं.

मी कोतवालाला नांदुऱ्याच्या दवाखान्यात पाठवलं. आणि मग मी जे मला येत होतं ते सांगितलं. त्या काळी पटकीच्या रोग्याला पाणी देऊ नये, पोटात गेलं की पुन्हा बाहेर पडतं आणि रोग वाढतो, असं मी कुठेतरी शिकलो होतो. नीट शिकलो असतो तर कदाचित वेगळं शिकलो असतो. मी पार्वताबाईला सांगितलं, ‘पाण्याचा थेंब द्यायचा नाही. ओठ ओले करा फक्त.’

वच्छला ‘पानी, पानी’ म्हणत होती. पार्वताबाईनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नाही म्हणालो.

ती उठली आणि अंगणात गेली. तिच्या गड्याला म्हणाली, ‘बैल जुपा. इहीर उपसा.’ मी मागे गेलो आणि तोंड उघडलं. तिनं वळून मला सांगितलं, ‘आता इचारत नाही मी तुमाले. तुमाले लिहाचं असन तं लिहा साहेबाले.’ मोट सुरू झाली. जांभळं पाणी पाटातून वांग्यांत, मिरचीत आणि तिथून रस्त्यावर वाहू लागलं. जे मी लपवत होतो ते गावानं बघितलं. पाटीलसुद्धा बघायला आले आणि या खेपेला खुर्ची आणायला विसरले.

दुपारी पाण्याचा रंग निवळला. आणि त्याच वेळी उत्तरेला सातपुडा काळा झाला. रोहिण्या लागलेल्या, तेव्हा वादळ येणं नवं नव्हतं, पण त्या दिवशीचं वादळ नुसतं आलं नाही, धावून आलं. आधी धूळ, मग गारा. मला एकदम आठवलं की माझी पेटी शाळेत आहे. लशीच्या नळ्या, लाल दवेचा डबा, शिक्का, सगळं. मी डोक्यावर घमेलं धरून पळालो. शाळेपाशी पोचलो तेव्हा छपराची टिनं एकेक करून उडत होती. एक टिन माझ्या बाजूनं असं गेलं की मी मास्तरांच्या टेबलाखाली शिरलो तो वादळ थांबेपर्यंत बाहेर आलो नाही. सुलतान तिथे आधीच होता, म्हणजे डोकं टेबलाखाली आणि बाकीचा बाहेर. आम्ही दोघांनी एकमेकांना काहीही विचारलं नाही.

गारा थांबल्या, पाऊस उरला. बाहेर आलो तर पेटी उलटून पडलेली, दवेचा डबा फुटलेला, आणि शाळेपासून मारुतीच्या पारापर्यंत गल्लीतून जांभळं पाणी वाहत होतं. एक म्हातारी दारात उभी राहून हात जोडत होती. तिनं मला विचारलं, ‘हे काय आता, बाप्पा?’ मी म्हणालो, ‘गल्लीतले जंतू मारले, आजी.’ दुसरं काय सांगणार?

नदीला लोंढा आला होता. वरच्या भागात पाऊस मोठा झाला असावा. वाळूतले झिरे बुडाले, नांदुऱ्याचा रस्ता तुटला. कोतवाल पलीकडेच अडकला. म्हणजे डॉक्टर येणार नाही, औषध माझ्याकडे नाही, आणि वच्छलाच्या जवळ माणूस म्हणजे मी. चिखल तुडवत मी मळ्यात परत चाललो आणि वाटेत एकच गोष्ट घोकत होतो, की मी पोचेपर्यंत ती जाऊ नये. देवाची आठवण मला एरवी फारशी होत नसे.

ती गेली नव्हती. तशीच पडली होती, पण कण्हणं कमी झालं होतं. पार्वताबाई तिच्या उशाशी बसलेली, पदराआड हात. मी नाडी बघितली, म्हणजे मनगट धरून बसलो. नाडीतलं मला काही कळत नव्हतं, पण ती लागत होती. मी विचारलं, ‘पाणी दिलं नाही ना?’

पार्वताबाई म्हणाली, ‘तुमी नाही सांगतलं होतं ना.’

एवढंच. मी भिंतीला टेकलो आणि बसल्या बसल्या झोपलो. चार दिवसांची झोप होती. एखाद्याच्या घरात बाई मरायला टेकली असताना मी घोरलो, असं मला नंतर सांगण्यात आलं.

सकाळी जागा झालो ते वच्छलाच्या आवाजानं. ती पोराला जवळ मागत होती. डोळे वर आले होते. आवाज बारीक, पण आवाज होता. मला रडू आलं आणि ते लपवायला मी उगाच गोधडी सरळ करू लागलो. गोधडीखाली हाताला काही लागलं. पितळेचं बोंडलं, पोराला दूध पाजायचं असतं ते. त्यात तळाशी भाताची पेज होती. मी चाखली. खारट आणि गुळचट.

मी पार्वताबाईकडे बघितलं. ती चुलीपाशी होती. वळूनही न बघता म्हणाली, ‘ओकली तरी देत गेली मी. एक बोंडलं ओकली का दुसरं. मीठ टाकलं, गूळ टाकला, पेजेत. इहिरीचं नवं पानी उकळून. दुपारधरनं देऊन राह्यली.’

‘मी नाही म्हणालो होतो,’ मी म्हणालो. आवाज चढला होता माझा. चार दिवसांत माझा शब्द कुणीच पाळला नव्हता आणि जिथे पाळला तिथे माणसं मेली होती, हे मला तेव्हा दिसत नव्हतं. म्हणजे दिसत होतं, म्हणूनच आवाज चढला होता.

ती उठली, माझ्यासमोर आली. ‘भाऊ, वासराले हागवन लागली तरी आमी पानी तोडत नाही. हे तं माह्या लेकाची बायको हाये. तुमी रागावले तं रागवा.’

मी रागावलो नाही. खाली बसलो आणि तिला सांगितलं की दोरी मी चुकीची मोजली. सगळी मोजली. ती म्हणाली, ‘मले माहीत हाये. मी तवाच सांगतलं होतं.’ पण दवंडीच्या आवाजात नाही, आपली दोन घरांतली गोष्ट असावी तशी.

आता खरी अडचण पुढे होती. नदी गढूळ, झिरे गेलेले, गावात पिण्यासारखं पाणी फक्त पार्वताबाईच्या विहिरीत, नवं आणि स्वच्छ. आणि गाव विहिरीकडे यायला तयार नाही. ‘त्या इहिरीत डाक्टरनं इख टाकलं’ अशी हाकाटी झाली होती. बाया लोंढ्याचं पाणी तुरटी फिरवून घरी नेत होत्या. मी सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. माझं ऐकून काय होतं ते सगळ्यांनी बघितलं होतं.

पार्वताबाई नदीच्या वाटेवर जाऊन उभी राहिली. मला म्हणाली, ‘तुमी या संग. पन बोलू नका.’ मी गेलो. बाया डोक्यावर घागरी घेऊन आल्या, तेव्हा तिनं मोठ्यानं सांगितलं, ‘माही सून जगली. याच डाक्टरच्या हुकमानं जगली. यायनं सांगतलं, इहीर उपसा, नवं पानी उकळा, पेज करून पाजा. मी पाजली. जाऊन पाहा घरी, पोराले घेऊन बसली हाये.’

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मी मान हलवली, हो म्हणून. चार दिवसांत माझ्याकडून गावाच्या उपयोगाची ती पहिली गोष्ट झाली.

दोन-तीन बाया खरंच जाऊन बघून आल्या. मग घागरी वळल्या. पार्वताबाईनं मोट चालूच ठेवली आणि पाट बाहेरच्या रस्त्यापर्यंत काढून दिला, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतल्या बायांना कुणाच्या ओतण्याची वाट बघावी लागली नाही. पाटलांनी भुवया चढवल्या. ती म्हणाली, ‘मरी का इचारून येते का पाटील, कोनाचं घर हाये म्हून?’ पाटील गप्प बसले. मी तर बसलेलोच होतो.

पाऊस ओसरल्यावर साहेब आले. सोबत नवी दवा होती. विहिरीत पुन्हा टाकायची ठरली. या वेळी दोरी पार्वताबाईनं धरली, दगड तळाला लागला, वर ओढली आणि भिजलेल्या टोकावर बोट ठेवून म्हणाली, ‘हे.’ मी तेवढंच मोजलं. पाणी फिकट गुलाबी झालं आणि सकाळी काचेसारखं निवळलं. त्या गावात पुन्हा कुणी पडलं नाही. साहेबांनी पाटलांना विचारलं, पाटलांनी गावात जे ऐकलं होतं ते सांगितलं, आणि मला शाबासकीचा कागद मिळाला. त्यात लिहिलं होतं की मी ‘प्रसंगावधान’ दाखवलं. मी तो कागद फ्रेम करून भिंतीला लावला. खोटं वाटेल, पण तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं मी नव्या पोरांना विहीर मोजायला शिकवली आणि भिजलेली दोरी मोजायची हे माझं स्वतःचं शोधून काढलेलं तत्त्व असल्यासारखं सांगितलं.

रिटायर झालो. सुलतान गेला, फेटा गेला. फ्रेमच्या खिळ्यावर बायको छत्री लटकवू लागली. एक दिवस आरोग्य खात्याची एक मुलगी आमच्या गल्लीत आली आणि ओट्यावर बायांना जमवून शिकवू लागली. हगवण लागली की पाणी तोडायचं नाही. पाण्यात चिमूटभर मीठ, मूठभर साखर, साखर नसली तर गूळ. पेजेत दिलं तरी चालतं. ओकलं तरी थोडं थोडं देत राहायचं. ती पाकीटही दाखवत होती. मी दारात उभा होतो. बायको आतून म्हणाली, ‘अहो, चहा निवतोय.’ मला ऐकू आलं, पण हलता येईना.

चौथ्या दिवशी मी बसनं त्या गावी गेलो.

पार्वताबाई जाऊन वर्षं झाली होती. विहिरीवर आता इंजिन. ओसरीवर वच्छला बसली होती, केस पांढरे, मांडीवर पणतू की नातू, विचारायचं राहिलं. मी नाव सांगितलं तसं तिनं आतल्या बायांना हाक मारली. ‘अवो, या इकडे! मले वाचवलं थो डाक्टर आला!’ सुना आल्या, त्यांनी पाया पडायला सुरुवात केली.

मी एका सुनेचा हात धरून थांबवलं. इतकी वर्षं लपवलेलं बोलून टाकलं. म्हणालो, ‘मी नाही वाचवलं. मी हिला पाणी देऊ नका म्हणून सांगितलं होतं. थेंबसुद्धा. तुमच्या आजेसासूनं माझं ऐकलं नाही म्हणून ही जगली. आणि विहीरही मीच बिघडवली होती. दोन माणसं गेली त्यापायी.’

सुना गोंधळून वच्छलाकडे बघू लागल्या. ती मात्र शांत होती. पोराच्या डोक्यावरनं हात फिरवत म्हणाली, ‘मले माहीत हाये ना. मी शुद्धीत होती. तुमी नाही म्हनत होते थे आयकू येऊन राह्यलं होतं मले. बोलताच येत नव्हतं.’

मी विचारलं, ‘मग इतकी वर्षं माझं नाव का सांगत आलीस?’

‘सासूबाईनं सांगतलं होतं. म्हने, थ्याचं नाव असू दे, नाही तं बाया इहिरीवर येनार नाहीत. अन् थ्याची नोकरी गेली तं थो पुन्हा कवाच दोरी नीट मोजाले शिकनार नाही.’

डोळे भरून आले आणि या खेपेला सरळ करायला जवळ गोधडी नव्हती. वच्छला उठली, आत गेली, आणि लोटाभर पाणी घेऊन आली.

मी म्हणालो, ‘नको, तहान नाही.’

ती म्हणाली, ‘मी इचारलं का तुमाले?’ आणि लोटा माझ्या हातात दिला.